शेंदूरजना ते अकोला, हाताच्या दांडीवर

माझा उजवा पाय असून नसल्यासारखा आहे. लहानपणी पोलिओचा ताप आला, ताप उतरला आणि पायातली ताकद घेऊन गेला. तेव्हापासून काखेत कुबड्या, आणि कुठे जायचं झालं तर दादा. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शाळेत त्याच्या सायकलवर गेले, वरूडच्या कॉलेजला त्याच्या मोटारसायकलवर. पुढे शेंदूरजन्याला मी संत्र्याच्या कलमांची नर्सरी काढली, तेव्हा बाजाराला, बँकेत, गिऱ्हाइकाच्या शेतावर, सगळीकडे त्याच्या जीपमध्ये. त्याने कधी कटकट केली नाही. पण तो रिकामा होईपर्यंत मला थांबावं लागायचं. आयुष्यातले कितीतरी तास मी ओसरीवर तयार होऊन बसण्यात घालवले आहेत.

पंचावन्नावं लागलं तेव्हा मी ठरवलं की आता स्वतः गाडी चालवायची.

अमरावतीच्या एका शोरूममध्ये मी महागातली विजेची गाडी पाहायला गेले. तिथल्या बाईंनी मला शेजारी बसवून बडनेऱ्याच्या रस्त्याला नेलं आणि मोकळा पट्टा लागल्यावर विचारलं, "जरा जोरात नेऊ?" मी हो म्हटलं. पुढच्या क्षणी माझी पाठ सीटला जाऊन चिकटली. गिअर नाही, घरघर नाही, नुसती ओढ. माणसांच्या घोळक्यात कायम शेवटी पोचणाऱ्या बाईला त्या ओढीत काय वाटलं असेल, ते दोन पायांच्या माणसाला सांगून कळायचं नाही. मी तिथेच गाडी नक्की केली.

दादा पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. विजेच्या गाडीवर त्याचा विश्वास नव्हता, आणि माझ्या गाडी चालवण्यावर त्याहून नव्हता. एकदा म्हणाला, "तुले पाह्यजे तवा मी नेतोच ना. मंग कावून हा उपद्व्याप?" मी म्हटलं, "तू नेतो म्हणूनच." त्याला ते लागलं असावं. तो उठून वाफ्यांना पाणी सोडायला निघून गेला.

नागपूरच्या एका कारखान्यात गाडीला हाताची दांडी बसवून घेतली. स्टिअरिंगच्या डावीकडे ती असते. आपल्याकडे ओढली की गाडी पळते, पुढे ढकलली की ब्रेक लागतो. स्टिअरिंगवर एका हाताने फिरवायला गोल मूठ. विजेच्या गाडीत एक सोय अशी की दांडी नुसती सैल सोडली तरी गाडी आपोआप मंदावते, आणि मंदावताना थोडी वीज बॅटरीत परत भरते. त्यामुळे सारखा ब्रेक ढकलून हात भरून येत नाही. मृग बहाराची संत्री संपून संत्र्याची मंडी ओस पडली होती. त्या रिकाम्या आवारात मी रोज सकाळी चकरा मारल्या. पहिल्या आठवड्यात शेडच्या खांबाला गाडी घासली. दारावरचा तो ओरखडा मी अजून काढलेला नाही. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मला दोनदा जास्तीचं वळण घ्यायला लावलं. मी दोन्ही घेतली. परवाना मिळाला.

मे महिन्यात अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून फोन आला. लागवडीच्या आधी संत्रा उत्पादकांचा मेळावा होता, आणि रोगमुक्त कलमांबद्दल मी बोलावं असं त्यांचं म्हणणं होतं. वेळ दुपारी दोनची. मी फोनवरच सांगून टाकलं, गाडी पाठवू नका, मी माझी येते.

आदल्या रात्री गाडी चार्जिंगला लावली. माझी गाडी पूर्ण भरली की उन्हाळ्यात, एसी लावून, चारशे किलोमीटरच्या आसपास जाते. कागदावर जास्त लिहिलंय, पण कागदावर आमचं ऊन नसतं. अकोला घरापासून दोनशेच्या आतबाहेर, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. पण उन्हाळ्यात आमच्याकडे व्होल्टेज पडतं. भिंतीवरचा चार्जर रात्रीतून कधीतरी बंद पडला, आणि सकाळी पाहते तर बॅटरी निम्म्याहून थोडी वर. दादा अंगणात आला, गाडीतल्या पडद्यावरचा आकडा पाहिला आणि जीपची किल्ली काढली.

"चाल, माह्या गाडीनं जाऊ."

"नाई. अमरावतीत चार्जर आहे, मुर्तिजापूरले आहे. मी हीच नेतो."

त्याने किल्ली परत खिशात टाकली. मग त्याने माझ्या कुबड्या उचलून मागच्या सीटवर ठेवल्या आणि शेजारी येऊन बसला. "मी येतो तुह्यासंग," एवढंच म्हणाला.

मोर्शीपर्यंत मी शहाण्यासारखी चालवली. पुढे रस्ता मोकळा झाला. समोर कडब्याने फुगलेला ट्रक रांगत होता, त्याच्यामागे तीन गाड्या. मी दांडी ओढली आणि चौघांना एका दमात मागे टाकलं. दादाने हात डॅशबोर्डवर टेकवला. खरं सांगायचं तर तिथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. अमरावतीपर्यंत जे समोर दिसेल त्याला मागे टाकत गेले. वेग वाढला की बॅटरी कशी भराभर उतरते, ते मला ठाऊक होतं. तरीही दांडी सैल सोडवत नव्हती. अमरावती आली तेव्हा पाव बॅटरी शिल्लक होती.

आणि अमरावतीतला चार्जर बंद होता. पडदा काळा, केबल तशीच लोंबत होती. फोनवरच्या माणसाने सांगितलं, दुरुस्तीला माणूस निघालाय, कधी पोचेल ते सांगता येणार नाही.

दादा म्हणाला की गाडी इथेच ओळखीच्या घरी लावू आणि टॅक्सी करू. तो रागावून बोलत नव्हता, हिशोबाचंच बोलत होता. मी मनातल्या मनात हिशोब मांडला. आहे त्या विजेत मुर्तिजापूर सहज गाठता येत होतं, अकोला गाठता आलं नसतं. मुर्तिजापूरचाही चार्जर बंद निघाला तर मी भर उन्हात हायवेच्या कडेला बसणार, आणि मेळाव्यातली माणसं म्हणणार की बाईने उगाच हट्ट केला. तरी मी म्हटलं, "आपण मुर्तिजापूरले जाऊन राहिलो."

यावेळी मी सत्तरच्या वर काटा जाऊ दिला नाही. एसी अगदी मंद ठेवला. मगाशी मागे टाकलेल्यांतल्या दोन गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या, त्यांना जाऊ दिलं. दादा पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचायला लागला. एकवीस. वीस. एकोणीस. शेवटी मी सांगितलं, "दादा, आकडा मी पायतो. तू रस्ता पाय." मग पुढे खड्डा आला की तो आधीच हात करून दाखवायला लागला.

मुर्तिजापूरच्या धाब्यावरचा चार्जर चालू होता. पण त्याला आधीच एक गाडी लागलेली होती, आणि दुसरी केबल जोडली की वीज दोघांत वाटली जायची. मी जोडली. ऊन असं की केबलला हात लावला तर चटका बसत होता. उन्हात बॅटरी तापली की गाडी स्वतःच कमी वीज घेते. आकडा इतका सावकाश चढत होता की दोनच्या आत अकोल्याला पोचणं कठीण दिसायला लागलं.

दुसरी गाडी अकोल्याच्या एका कापड व्यापाऱ्याची होती. साठीचे गृहस्थ, बेगमसोबत अमरावतीला लेकीकडे निघालेले. मी कुबड्यांवर उभी राहून पुन्हा पुन्हा पडदा पाहते आहे हे त्यांनी पाहिलं. ते जवळ आले, कुठे निघालात विचारलं. मी सांगितलं. ते सरळ आपल्या गाडीकडे गेले आणि केबल काढायला लागले.

मला एकदम राग आला. अपंग बाई म्हणून कोणी जागा दिली की मला आजही राग येतो. मी म्हटलं, "भाईजान, तुमचं होऊ द्या. मी थांबतो."

त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, माझी ऐंशीच्या वर गेली. आता ती घोट घोट पिणार, आणि तुमची निम्मी धार फुकट जाणार. मला अमरावतीपर्यंतच जायचंय. तुमच्यावर मेहरबानी नाही, यात अक्कल आहे फक्त."

खरंच होतं ते. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे भरायला फार वेळ घेते, हे मीही कित्येकांना समजावून सांगितलं होतं. माझा राग विरघळला. मी हात जोडले. त्यांच्या बेगमने आम्हाला आपल्या डब्यातले खारे शंकरपाळे दिले. त्यांची केबल निघाल्यावर माझा आकडा झपाझप चढायला लागला. दादा चार्जरच्या पडद्यासमोर असा उभा होता, जणू पंपावर डिझेल मोजून घेतोय.

बॅटरी भरून घेण्याचा मोह मी टाळला. अकोल्याला पोचून थोडी उरेल इतकी झाली तशी केबल काढली. बोरगाव मंजूच्या पुढे डांबर इतकं तापलं होतं की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. मी तोच वेग, तोच एसी धरून ठेवला. घामाने मूठ निसटत होती. दादाने रुमाल भिजवून माझ्या मनगटाला गुंडाळला.

विद्यापीठाच्या आवारात शिरलो तेव्हा आधीचे वक्ते बोलत होते. दारावर स्वागताला आलेले प्राध्यापक सवयीने दादाच्या बाजूला गेले आणि त्याला म्हणाले, "ताईंना घेऊन आलात, बरं झालं." दादाने मागच्या सीटवरून कुबड्या काढल्या, माझ्याकडे आणून दिल्या आणि त्यांना म्हणाला, "मी नाई आणलं. तिनं आणलं मले."

मी तासभर बोलले. कलमाचा डोळा कुठून घ्यावा, रोप उन्हात कसं टिकवावं, सगळं सांगितलं. प्रश्न बरेच आले. त्यांतला एक गाडीबद्दल होता, त्याचंही उत्तर दिलं, दारावरच्या ओरखड्यासकट. संध्याकाळी अकोल्यातल्या चार्जरवर बॅटरी पूर्ण भरली आणि रात्री मुक्काम केला. सकाळी थंड वेळेला परत निघालो. यावेळी अमरावतीला थांबायची गरजच पडली नाही.

त्यानंतर मी थांबलेली नाही. गेल्या हिवाळ्यात डोंगरातल्या धारणी तालुक्यातल्या दोन गावांनी कलमं मागितली. तिकडे फास्ट चार्जर नाही, घाट चढताना बॅटरी खाली येते आणि रस्ता गाडी आपटून काढतो. मी आधी तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांना फोन केला आणि विचारलं, पंधरा अँपिअरचा सॉकेट आहे का, आणि अर्थिंग नीट आहे का. आहे म्हणाले. साध्या सॉकेटवर तासाला जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरची वीज भरते. म्हणून दोन दिवसांचं सामान घेऊन निघाले. मागे कलमांचे ट्रे रचले होते, शेजारची सीट रिकामी होती. वाटेतल्या सेमाडोहच्या वळणांवर दांडी ओढत, सैल सोडत मी घाट चढले आणि दुपारच्या आत शाळेसमोर गाडी उभी केली.