ऊस कमरेपाशी तोडणारा माणूस

पाथर्डीकडच्या आमच्या गावातली शाळा पौषात अर्धी रिकामी असायची. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या राहुरीकडे निघत, पोरंही त्यांच्याबरोबर. नेमका त्याच दिवसांत वरून चौथीच्या नव्या पुस्तकातला एक पाठ आला. छापण्याआधी तो मुलांना शिकवून बघायचा आणि ‘समजला का?’ या रकान्यात उत्तर भरून पाठवायचं. पाठ होता उसाचा. ऊस ज्यांना ठाऊक, तीच पोरं वर्गात नाहीत! उरलेल्यांनी माना डोलावल्या.

मी तेव्हा चळवळीची पत्रकं वाटत हिंडायचो. चौथीच्या गुरुजींना म्हणालो, ही सरळ फसवणूक आहे, उद्याच पत्रक काढतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि रविवारी मला घेऊन एस.टी.त बसले. पाठ पिशवीत.

टोळीच्या तळावर कारखान्याच्या मळीचा वास भरून राहिला होता. अजून तो वास आला की मला त्या दुपारी तळावरच्या बायांनी दिलेला कोरा चहा आठवतो. वर्गातली एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या खोपटाशी बसली होती. गुरुजींनी तिच्याकडून पाठ वाचून घेतला. वाचता वाचता ती चित्रापाशी थांबली. चित्रातला हसरा माणूस ताठ उभा राहून कमरेपाशी ऊस तोडत होता.

“गुर्जी, ह्याला मुकादमानं हाकलून दिला असंल,” ती म्हणाली. “उसाची गोडी तर समदी बुडाशी असती. वाकाया नको का?”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी पेन काढून ‘श्रमिकांच्या जीवनाची क्रूर थट्टा’ इथवर लिहिलं, तोच गुरुजींनी कागद ओढून घेतला.

“तुझं नको. तिचं लिही, जसंच्या तसं.”

तालुक्याच्या साहेबांनी फॉर्म परत धाडला, नुसतं हो किंवा नाही लिहा म्हणाले. गुरुजींनी वर ‘नाही’ लिहिलं, खाली तिचं बोलणं तसंच राहू दिलं. मला वाटलं, गेला कागद रद्दीत.

पुढच्या हंगामात पुस्तक आलं. आम्ही पुन्हा तीच एस.टी. धरली. शाळेतलं पुस्तक शाळेतल्या मुलीला दाखवायला एस.टी. का लागावी, हा माझा राग अजून गेलेला नाही. तळावर गुरुजींनी पुस्तक तिच्या पुढ्यात उघडलं. चित्रातला माणूस आता वाकला होता, कोयता मातीला टेकलेला.

तिनं चित्रावरून बोट फिरवलं.

“आता बरूबर हाय. पन येवढा ऊस तोडला, तर पाचट कुठं गेलं?”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन आधीच काढलं होतं.