दाजींच्या तोंडातले खिळे

ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, सोफे-खुर्च्यांना कापड चढवतात आणि जगावर संशय घेतात. दुसरं काम त्यांना जास्त चांगलं जमतं. दुकानात खिळ्यांचा डबा नाही. डबा उघडा राहिला की लोक हात मारतात म्हणे, म्हणून बारीक खिळ्यांची चिमूट थेट तोंडात. डाव्या दाढांत दाबून धरायचे, जिभेने एकेक पुढे आणायचा आणि ठोकायचा. उमेदवारीत लागलेली ही सवय केस पिकले तरी सुटली नाही. तोंड कायम भरलेलं, त्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलायचं काम ताईचं.

मग डाव्या कानापुढे दुखायला लागलं. जांभई दिली की कट्कन आवाज. सकाळी तोंडात घास जाईल एवढाही जबडा उघडेना. कानाच्या डॉक्टरने कान ठणठणीत आहे म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. "दोघांचं साटंलोटं आहे," दाजी म्हणाले. बाईंनी फोटो काढला, कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडमीट करायला लावलं आणि सांगितलं, "दात चांगले आहेत. जबड्याचा सांधा आणि त्याचे स्नायू थकलेत, एवढंच."

'एवढंच' ऐकलं आणि दाजींचा जीव टांगणीला लागला. दातांची डॉक्टर एकही दात न काढता घरी पाठवते, म्हणजे नक्की काहीतरी मोठं दडवतेय. त्यात ताई एकटीच पुन्हा आत गेली, दार लोटून बाईंशी बोलली आणि बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल.

घरी ताईने भात मऊ कालवून दिला. कानापुढे गरम फडकं धरलं. "ओठ मिटा, पण दातांना दात लावू नका," असं दिवसभर सांगत राहिली. एरवी ही ताट आदळणारी बाई! इतकी माया माणसावर कधी होते, ते दाजींना पक्कं ठाऊक होतं. मनातल्या मनात ते स्वतःला स्मशानात पोहोचवूनही आले.

दाजींच्या मनातलं आम्हाला काही माहीत नव्हतं. आम्हाला दिसलं ते एवढंच, की दाजी रोज दुपारी समोरच्या गादीवाल्याकडे जाऊन बसतात. गिऱ्हाइकं पळवतो म्हणून ज्याचं घरात नाव काढायची सोय नाही, त्याच्याकडे! ताईने धसका घेतला. "दुकान त्याच्या घशात घालतायत," ती मला म्हणाली. "मला एका शब्दाने विचारलं नाही." दुकान गेलं तर खायचं काय, या विचाराने तिची झोप उडाली.

एका दुपारी ती सरळ गादीवाल्याच्या दुकानात शिरली. मी मागोमाग.

"काय शिजतंय तुमचं?"

गादीवाला गडबडून उभा राहिला. "वहिनी, तो सांगू नको म्हणाला होता. आपले दिवस भरले म्हणतो. आपल्यामागे बायको दुकान चालवेल, तिला कापडवाले गंडवणार नाहीत एवढं बघ, म्हणून हात धरले माझे."

ताई तशीच रस्ता ओलांडून आली. दाजी एका खुर्चीवर वाकले होते आणि गाल फुगलेला. एवढं दुखत असूनही तोंडात खिळे!

"कोण मरतंय इथे?" ताई ओरडली.

"तू रडलीस ना तिथे," दाजी खिळे सांभाळत पुटपुटले. "मी पाहिलं."

ताई त्यांच्यासमोर येऊन बसली.

"तुम्ही झोपेत दात आवळता. करकर वाजतात. चेहरा नुसता दगड. लग्न झाल्यापासून बघतेय मी. मला वाटायचं, माझ्याशी गाठ पडल्याचा राग आहे. दिवसा गिळता आणि झोपेत बाहेर पडतो. तुमच्यासमोर कसं विचारू? बाई म्हणाल्या, अहो, पुष्कळांचं असं होतं, बायकोचा काही संबंध नाही. दिवसा खिळे आवळायचे, रात्री दात. सांध्याला विसावा कुठला? झोपताना दातांवर घालायला पट्टी करून देते, खिळे बंद करा, दुखणं उतरेल, असं म्हणाल्या. म्हणून रडले. इतकी वर्षं मी उगाच..."



दाजी तिच्याकडे बघत राहिले. संशयाला कुठे फट सापडते का, ते शोधत असावेत. सापडली नाही. त्यांनी सगळे खिळे तळहातावर काढले, सदऱ्याला पुसले आणि तिच्या ओंजळीत ठेवले.

"तू दे एकेक," ते म्हणाले. "डब्यावर माझा भरवसा नाही."

ताईने नाक पुसलं आणि पहिला खिळा पुढे केला.