डावीकडचा कोपरा

आमच्या देशाची वीस वर्षांखालची आइस हॉकी टीम लाटव्हियाकडून हरली, तसे माझ्या कॉफीच्या टपरीत टीव्हीसमोर बसलेले म्हातारे प्रशिक्षक रूस्का पेटले. तिन्ही गोल आमच्याच गावच्या बचावपटू आतोसच्या डावीकडून झाले होते.

"या धोंड्याला डावीकडं वळता येत नाही. कोणत्या गाढवानं शिकवलं याला?"

"तुम्हीच, रूस्काकाका. सहा वर्षं," मी म्हणाले. "शेजारच्या सॉनाच्या वाफेनं तापलेल्या भिंतीमुळं गावच्या मैदानाच्या डाव्या कोपऱ्यातला बर्फ मऊ पडायचा, म्हणून पोरांना तिकडं वळूच देत नव्हता."



रूस्का कपात बघत म्हणाले, "मग तिथं सॉना बांधणारा गाढव."

सॉना माझ्या बापानं बांधला होता. मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि कॉफी मोरीत ओतली.