सोमवारची भांडी

आमच्या चौघांच्या टोळीत सगळ्यात वाईट युकुलेले वाजवायचा तो लिफ्टवाला. हे मी एकटी म्हणत नव्हते. सगळेच म्हणायचे, आणि तो स्वतःही मान डोलवून होकार द्यायचा. गाणं छान रुळावर आलेलं असायचं आणि नेमकं तेव्हाच त्याचं बोट भलत्या तारेवर पडायचं. आतून झाकणावर चमचा आपटल्याचा आवाज यायचा, आम्ही हसत सुटायचो आणि सर म्हणायचे, "झालं! अडकली लिफ्ट मधल्या मजल्यावर."

टोळीत कोण कोण ते आधी सांगून टाकते. बेकरीवाला, ज्याच्या घरी आम्ही जमायचो. सर, म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे. गाणं जरा जलद झालं की त्यांचा पाय आपोआप जमिनीवर ब्रेक दाबायचा. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते, म्हणून मला गोळीबाई म्हणतात. म्हणेनात का. आणि चौथा लिफ्टवाला, बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा. आमच्यापैकी कोणालाही तरुणपणी गाण्याबिण्याचा गंध नव्हता. युकुलेले निवडलं ते त्याला चारच तारा असतात म्हणून. सहा तारांची गिटार सांभाळायला आमच्याकडे बोटंही नव्हती आणि उमेदही.

सोमवारी बेकरी बंद असते. संध्याकाळी दुकानाच्या वरच्या खोलीत जमायचं, साबणाने हात धुवायचे आणि वाजवायला बसायचं. तेलकट बोटांनी तारा खराब होतात, म्हणून वाजवून झाल्याशिवाय कोणी घास तोंडात घालायचा नाही, हा पहिला नियम. ज्याच्या चुका जास्त त्याने जेवणानंतर सगळ्यांची भांडी घासायची, हा दुसरा. चुका मोजायचं काम वहिनींकडे. वहिनी म्हणजे बेकरीवाल्याची बायको. त्या वाजवत नाहीत, पण कान असा तयार की सूप ढवळता ढवळता, आमच्याकडे पाठ करून, कोण कुठे घसरलं ते अचूक सांगतील. चूक झाली की झाकणावर चमचा, आणि चुकणाऱ्याचं नाव. अपील नाही.

ही भांडी म्हणजे थट्टा नव्हती बरं का. सूपचं पातेलं एवढं मोठं की त्यात कोपरापर्यंत हात जायचा. बटाटे भाजायच्या ट्रेला तळाशी काळा थर धरलेला. वर केकचा साचा, पेले, ताटल्या. त्या ट्रेच्या धाकाने मी आठवडाभर जीव तोडून सराव करायचे. सरही करायचे, कबूल करत नसत एवढंच. बेकरीवाल्याचं तर स्वतःचंच घर. तरीही दिवसभर कणीक तिंबणारा तो माणूस रात्रीच्या भांड्यांना भ्यायचा. पण आम्हाला भ्यायचं कारणच उरलं नव्हतं. दर सोमवारी लिफ्टवाला हरायचा, बाह्या दुमडायचा आणि उठायचा. एवढं सातत्य तर आमच्यापैकी कोणाच्या वाजवण्यातही नव्हतं.

त्याचं बाकीचं आयुष्य कसं होतं ते मला ठाऊक होतं, कारण एकदा त्याला ताप आला तेव्हा औषध घेऊन मीच त्याच्या घरी गेले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा दुसऱ्या देशात, फोनवर हवापाण्याची चौकशी करणारा. घर स्वच्छ होतं, पण स्वयंपाकघर बघून मला कसंतरीच झालं. ओट्यावर एक छोटी कढई, एक चमचा, बस्स. रोज रात्री दोन अंडी त्या कढईत फोडायची आणि पावाबरोबर तिथेच, शेगडीपाशी उभ्याउभ्या, कढईतूनच खायची. मी म्हटलं, "अहो, निदान ताट तरी घेत जा!" तर म्हणाला, "ताट काढलं की समोर कोणीतरी बसायला हवं असं वाटत राहतं, गोळीबाई. कढईचं तसं नाही."

कामही तसलंच. दिवसभर लोकांच्या इमारतींत, पण लोक कुठे? तो गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत नाहीतर लिफ्टच्या खड्ड्यात. बाहेर येऊन "झाली चालू" म्हणायचा, तोवर लोक आत शिरून दार लावून घेत. आभार दाराच्या फटीतून मिळाले तर मिळाले.

तर, एकदा दुपारी मला एका आजीबाईंची औषधं सातव्या मजल्यावर पोचवायची होती आणि लिफ्ट बंद. मनात शिव्या घालत मी जिने चढले. आजीबाईंच्या दाराशी दम खात उभी राहिले तर वरून गच्चीकडून युकुलेले ऐकू आलं. आमचंच गाणं. त्यात मधे एक वळण आहे, तीन बोटं एकदम सरकवावी लागतात. लिफ्टवाला तिथे हमखास गळपटायचा आणि आम्ही हसायला तयार असायचो. तेच वळण वरून येत होतं, स्वच्छ, लोण्यासारखं. पुन्हा आलं, पुन्हा स्वच्छ. गच्चीच्या जिन्याच्या चार पायऱ्या चढून डोकावून पाहिलं. यंत्राच्या खोलीच्या उंबऱ्यावर डबा बाजूला सरकवून, डोळे मिटून लिफ्टवाला वाजवत होता. मी हाक मारली नाही. खरं सांगायचं तर मला रागच आला. एवढं येतं आणि आमच्यापुढे वेड पांघरून बसतो?

पुढच्या सोमवारी मी त्याच्यावर नजर ठेवली. आणि मग माझी मती गुंग झाली. त्याचं लक्ष स्वतःच्या तारांवर नव्हतंच, आमच्यावर होतं. सर दोनदा चुकले की तो तीनदा चुकायचा. मला जरा जास्त घोळ झाला तर तोही आपला घोळ वाढवायचा. शेवटचं कडवं येईपर्यंत हिशेब बरोबर एका चुकीने त्याच्या अंगावर. सगळ्यांहून वाईट वाजवायचं तर सगळ्यांना नीट ऐकावं लागतं, आणि तेवढं नीट आमच्यात दुसरं कोणी ऐकत नव्हतं.

का, ते त्याच दिवशी कळलं. जेवण झालं की बेकरीवाला पेंगायला लागतो. भट्टी पहाटे पेटवायची असते, तो जाऊन झोपतो. मी सरांच्या स्कूटरवर मागे बसून निघते. त्या दिवशी माझा चष्मा वर राहिला म्हणून परत गेले. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. लिफ्टवाला कोपरापर्यंत फेसात. वहिनी शेजारी उभ्या राहून एकेक भांडं पुसत होत्या. त्यांची मुलगी ओट्यावर पाय हलवत बसली होती आणि शाळेतल्या बाईंची नक्कल करत होती. लिफ्टवाला हसत होता. म्हणजे असा, की डोळ्यांत पाणी यावं आणि पुसायला हात मोकळे नसावेत. वहिनींनी पदराने त्याच्या नाकावरचा फेस नाही पुसला, तेवढ्या त्या मर्यादेच्या आहेत. पण त्यासुद्धा हसत होत्या, मोठ्याने. मी चष्मा न घेताच खाली आले. दुसऱ्या दिवशी दुकानात गोळ्यांची नावं वाचताना हाल झाले, पण तेवढं चालतं.

तर असा तो अर्धा तास. आठवड्यात त्याच्या वाट्याला येणारं घर तेवढंच. आणि ते टिकवायला त्याला दर सोमवारी चारचौघांत हसं करून घ्यावं लागायचं. तो ते खुशीने करत होता.

सगळं असंच चाललं असतं. पण वाचनालयाने त्यांच्या सभागृहात आम्हाला वाजवायला बोलावलं आणि सरांच्या अंगात आलं. दोन आठवडे आधी त्यांनी सगळ्यांसमोर विषय काढला. आवाज मात्र अगदी मऊ, नापास मुलाच्या आईशी बोलावं तसा.

"लिफ्टवाले, वाईट वाटून घेऊ नका. पण लोक समोर असणार. तुम्ही त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवा. तेही काम महत्त्वाचं."

"म्हणजे वाजवायचं नाही?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"येत्या सोमवारी बघू ना. परीक्षाच घेऊ. जो सगळ्यात जास्त चुकेल तो खुर्चीवर. नियम सगळ्यांना सारखा, मलाही."

बेकरीवाला म्हणाला, "जाऊ द्या हो, सर."

"जाऊ दे कसं? ब्रेक लागत नसताना मी कोणाला रस्त्यावर सोडतो का?"

जेवणानंतर लिफ्टवाला बाह्या दुमडून उठला. त्या दिवशी ट्रे त्याने जरा जास्तच घासला असावा, कारण पुढच्या वेळी तो ट्रे नवा असल्यासारखा चमकत होता.

तो आठवडा मला जड गेला. चुकला तर भांडी मिळतील, पण टोळीतली जागा जाईल; एकदा खुर्चीवर बसवलेल्याला पुन्हा वाजवायला कोण घेतं? आणि टोळीत नसलेला माणूस सोमवारी त्या घरी येणार तरी कशाला? न चुकला तर जागा राहील, आणि अर्धा तास जाईल. कुठूनही बघा, त्याचंच काहीतरी जात होतं. सरांना फोन करून सगळं सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. पण सांगणार काय? की या माणसाला तुमच्या उष्ट्या ताटल्या हव्या आहेत? माणसाची अशी गोष्ट दुसऱ्याने सांगायची नसते.

सोमवार आला. हात धुतले, बसलो. गाणं सुरू झालं. वळण जवळ आलं तशी मी माझ्या तारा सोडून त्याच्याकडेच बघायला लागले. त्याने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि ते वळण घेतलं, गच्चीवर घेतलं होतं तसंच. सरांचा पाय ब्रेकवर तसाच राहिला. बेकरीवाला वाजवायचा थांबला. मीही भान हरपून दोन ठिकाणी चुकले, मग तिसऱ्या. आतून झाकणावर चमचा वाजला तो प्रत्येक वेळी माझ्या नावाने. त्याच्या नावाचा एकदाही नाही. शेवटपर्यंत वाट पाहिली, नाही.

"अरे!" सर ओरडलेच. "अहो, हे कुठे दडवून ठेवलं होतंत? मधलं कडवं आता तुम्ही एकट्याने वाजवायचं. एकट्याने!" उठून त्यांनी लिफ्टवाल्याची पाठ थोपटली. सर मनाने वाईट नाहीत, हे सांगायला हवं. त्यांचे डोळे भरून आले होते. मला टाळ्या वाजवायला बसवायचं तर ते साफ विसरूनच गेले.

जेवताना सगळे त्याचंच कौतुक करत होते. त्याने सूप दोनदा घेतलं, केकची करपलेली कड मागून घेतली आणि मुलीने काही विचारलं त्याला उत्तर दिलं. मग बेकरीवाला पेंगायला लागला. मी बाह्या दुमडल्या. लिफ्टवाला क्षणभर खुर्चीतच बसून राहिला, उठायचं कुठे ते आठवत नसल्यासारखा. मग म्हणाला, "चला, निघतो," आणि सगळ्यांच्या आधी जिना उतरायला लागला.

स्वयंपाकघरात ओट्याशी कोरडं फडकं घडी घालून ठेवलेलं होतं. शेजारी चहाचे दोन कप, झाकलेले. मुलगी दारात येऊन मला पाहून म्हणाली, "काका कुठे?" आणि उत्तर न ऐकताच आत निघून गेली. मी पातेल्याला हात घातला. वहिनी पुसायला उभ्या राहिल्या. 

मग त्या म्हणाल्या, "मी वाट बघत होते गं. एक तरी चूक करतील म्हणून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही ऐकू येत का, कोण घसरतं आणि कोण मुद्दाम पाय सोडून देतं ते? कधी कधी त्यांचा हिशेब कमी पडायचा, तेव्हा मीच एखादा ठोका जास्तीचा द्यायचे त्यांच्या नावाने." त्यांनी ताटली पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. "हे जेवले की झोपतात. पहाटे मी उठेपर्यंत हे भट्टीपाशी. दिवसभर गिऱ्हाईक. माझ्याशी निवांत बोलणारं आठवड्यात तेवढंच एक माणूस."

"मग त्यांना तसंच थांबवून घ्या ना, वहिनी. बसा म्हणा चहाला."

"काय म्हणून? घरचा माणूस झोपलेला, आणि परक्या पुरुषाला बिनकामाचा स्वयंपाकघरात बसवून घेऊ? भांडी होती म्हणून कोणाला काही वाटत नव्हतं. मलासुद्धा."

मी हात न पुसताच जिना उतरले. लिफ्टवाला खाली बंद दुकानाच्या शटरपाशी उभा होता, पाठीवर युकुलेलेची पिशवी. निघालाही नव्हता आणि थांबलाही नव्हता. माझ्या कोपरावरून फेस गळताना पाहून त्याला सगळं समजलं असणार.

"फार छान वाजवलंत," मी म्हटलं, आणि लगेच माझंच मला वाईट वाटलं. "हे बघा, पुढच्या सोमवारी चुका. तोवर तो कार्यक्रम आटोपलेला असेल, चुका पूर्वीसारखं. मी सरांना काही बोलणार नाही."

त्याने थोडा वेळ विचार केला. खरोखर केला, मी बघत होते.

"आता नाही जमायचं, गोळीबाई," तो म्हणाला. "इतके दिवस मला येत नाही असं सगळे समजत होते, म्हणून चुकता येत होतं. आता चुकलो तर मुद्दाम चुकलो हे सगळ्यांना कळेल. आणि मग कशासाठी, ते विचारतील."

 तो हळूहळू चालत कोपऱ्यापर्यंत गेला, वळला. मी वर आले. वहिनींनी तोवर ट्रे स्वतःच घासायला घेतला होता.