थांबाबाईंचा वॉर्ड

थांबाबाईंना हे नाव आपणच ठेवलं, असं वॉर्डातले मामा छातीवर हात ठेवून सांगतात. मामांनी आजवर जेवढ्या गोष्टींचं श्रेय घेतलं तेवढी कामं खरंच केली असती, तर दवाखान्याला दुसरा शिपाई लागला नसता. ते सोडा. नाव मात्र चपखल बसलं. भाजलेल्या रोग्यांच्या वॉर्डात बाईंची हयात गेली, आणि त्या हयातीत त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेला शब्द म्हणजे "थांबा."

त्याचं कारण असं, की माणूस भाजतो एकदाच, पण पट्टी पुन्हापुन्हा बदलावी लागते आणि दर खेपेला नव्यानं भाजल्यासारखं होतं. म्हणून आधी दुखणं कमी करायचं इंजेक्शन द्यायचं. ते अंगात भिनू द्यायचं. मग पट्टीवर सलाइनचं पाणी सोडायचं, ती आपसूक सुटायला लागली की हलक्या हातानं उचलायची. शिकवलेलं सगळ्यांनाच असतं. पण रोगी फार नि हात थोडे. सुई टोचली न टोचली की पट्टीला हात घालायची सवय लागते. सुकी पट्टी ओढली तर वेळ वाचतो, आणि रोगी किंचाळला तर "भाजलंय म्हटल्यावर दुखणारच" असं म्हणायला आपण मोकळे.

थांबाबाई कुणाला असं मोकळं सोडत नसत. मोठे डॉक्टर आले तरी तेच. एकदा एक नवे डॉक्टर चिमटा हातात घेऊन करवादले, "सिस्टर, मला ऑपरेशनला जायचंय हो."

बाई म्हणाल्या, "जा की. तुम्ही येईस्तोवर भिजेल."

हाताला मऊ म्हणून बाई स्वभावानंही मऊ असतील, असं समजून कुणी जवळ गेलं तर पस्तावायचं. रडणाऱ्याला त्या उगी म्हणत नसत. "रड, पण हात हलवू नको," एवढंच. घरी नवरा सुतार, बोलण्याच्या बाबतीत लाकडाचाच भाऊ. त्याच्या वाटचं सासूबाई बोलायच्या. सून नर्स म्हणून घरात आली तेव्हा याच सासूबाईंनी तिचं ताट वेगळं काढलं होतं. पुढं स्वतःच्या पायावर उकळतं पाणी पडलं, सुनेनं पट्ट्या केल्या, आणि तेव्हापासून सगळ्या गल्लीला पाय दाखवत फिरायच्या, "बघा, डाग तरी दिसतोय का?" डाग चांगला दिसायचा. पण नाही म्हणायची कुणाची छाती होती?

दवाखान्याच्या तळमजल्यावर कपडे धुवायची लॉन्ड्री. तिथल्या मुकादम बाईंना अख्खा दवाखाना वहिनी म्हणायचा. वहिनींचं आणि थांबाबाईंचं जुनं सूत. जळिताच्या वॉर्डातल्या चादरींना रक्त, पू, मलम, काय काय लागलेलं असतं, पण वहिनींच्या हाताखालून आलेली चादर कोरी वाटायची. दुपारचं जेवण दोघी बरोबर करायच्या आणि जगातल्या एकूणएक माणसाला नावं ठेवायच्या. वहिनी वयानं मोठ्या, म्हणून त्या अगंतुगं करायच्या, बाई अहोजाहो.

आता वहिनी म्हणायला सगळेच म्हणत, पण त्या हाकेचा खरा हक्क एकाच माणसाचा. त्यांचा सख्खा दीर. घराच्या वाटणीवरून भावाभावांत धुसफूस होती, ती सगळ्यांच्याच घरी असते. या माणसानं एका दुपारी भावाच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि खिडकीतून पेट्रोल ओतून काडी टाकली. आत भाऊ होता आणि भावाची दोन पोरं. तिघंही गेली. वहिनी कामावर होत्या, म्हणून राहिल्या. काडी टाकताना पेट्रोल त्याच्याही अंगावर उडालेलं, त्यामुळं दोन्ही हात, छाती आणि मान भाजून तो अंगणातच पडला. शेजाऱ्यांनी त्याला धरून ठेवला आणि पोलिसांनी उचलून आणला. कुठं आणणार? भाजलेल्यांचा वॉर्ड सगळ्या भागात एकच.

कोपऱ्यातली खाट त्याला दिली. हात भाजलेले, म्हणून बेडी पायात घालून खाटेला अडकवली. बाजूला स्टुलावर पोलीस.

वॉर्डात एक गंमत झाली. गंमत म्हणजे हसण्यासारखी नव्हे. ज्या नर्स पोरी कामाच्या नावानं कुरकुरायच्या, त्या आज ड्रेसिंगची ट्रॉली कोण ढकलणार म्हणून पुढं सरसावल्या. मामांनी बाह्या सरसावल्या. "बाई, तुम्ही बसा आज. याची पट्टी मी काढतो. अशी काढतो, की वहिनींच्या पोरांना वर ऐकू गेलं पाहिजे."

"मामा, तुम्ही बादली उचला," बाई म्हणाल्या.

मेट्रनबाईंनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं. मेट्रन समजूतदार होत्या. "वहिनी तुमच्या जवळच्या. तुमच्यावर सक्ती नाही करायची मी. नको म्हणालात तर दुसरीला देते."

"दुसरी कोण?"

मेट्रननी दारातून वॉर्डाकडं पाहिलं. दुसऱ्या कोण, ते दोघींना माहीत होतं. त्या ट्रॉलीला लोंबकळून उभ्या होत्या.

"मग मीच करते," बाई म्हणाल्या. "पण एक सांगते, मी त्याच्याशी बोलणार नाही. तेवढं माझ्याकडून होणार नाही."

आणि तसंच केलं. पहिल्या दिवसापासून ठरलेल्या शब्दांपलीकडं अक्षर नाही. हात वर. मान वळव. तोंड उघड. गिळ. इंजेक्शन द्यायच्या, थांबायच्या, पट्टी भिजवायच्या, थांबायच्या, उचलायच्या. बोटं एकमेकांना चिकटून बसू नयेत म्हणून प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायच्या. तेच हात, त्यांनीच कडी घातली होती. हे बाईंना दर बोटाला आठवायचं, आणि बोट मात्र नीटच गुंडाळलं जायचं.

मामांना सोसेना. "मी म्हणतो, औषध तरी कशाला वाया घालवायचं?"

"औषध तुमच्या खिशातलं आहे का?"

"तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतो. घरी जाऊन काढते. सासूबाईंना विचारा."

हे खोटं नव्हतं. त्या दिवसांत बाईंच्या घरी भांडी फार आपटत होती. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, मेल्याला जगवतेस ते बरंच आहे. मेला तर सुटेल. धडधाकट करून कोर्टात उभा कर, म्हणजे फासावर चढताना पाय तरी टेकतील. मी गल्लीत तसंच सांगितलंय, की माझी सून त्याला शिक्षेसाठी तयार करतेय."

"असं काही सांगू नका."

"का? चांगलं दिसतं ऐकायला."

"उद्या कोर्टानं सोडून दिला, तर मी काय पट्टी सुकी ओढायला हवी होती म्हणू? मी त्याला कशासाठी तयारबियार करत नाही. भाजलाय, म्हणून पट्टी करते."

सासूबाईंना हे काही सांगण्याजोगं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "तू अशी बोलतेस म्हणून तुझं कौतुक मलाच करावं लागतं."

तो थोडा सावरला, बोलता यायला लागलं, तसा एक दिवस पट्टी चालू असताना पुटपुटला, "सिस्टर, तुम्ही देवमाणूस आहात."

बाईंचा हात थांबला नाही. पण ठरवलेलं मोडून त्या बोलल्या. "मला तसलं काही म्हणायचं नाही. मी नर्स आहे. तुझी कातडी माझ्याकडे आहे, बाकीचं तुझं माझ्याकडे काही नाही. माफी हवी असेल तर ती या ट्रॉलीवर मिळत नाही." मग म्हणाल्या, "मान वळव."

स्टुलावरच्या पोलिसानं पेपर खाली घेऊन पाहिलं आणि परत वर धरला.

वहिनी कामावर परतल्या तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं त्या इतक्यात येतील. घरी बसून करणार काय, आणि घर तरी कुठं होतं? बहिणीकडं राहायच्या, मशीनसमोर उभ्या राहायच्या. कोपऱ्यातल्या खाटेवर कोण आहे हे त्यांच्यापासून कुणी लपवलं नव्हतं. आणि एका दुपारी त्या तीन मजले चढून वर आल्या. वॉर्डाच्या दारात थांबल्या, आत पाऊल टाकलं नाही. बाई बाहेर गेल्या.

वहिनींनी विचारलं, "त्याला दुखू नये म्हणून इंजेक्शन देतेस?"

"देते."

"माझ्या पोरांना कुणी दिलं होतं?"

याचं उत्तर जगात कुणाजवळ असेल, तर त्यानं यावं आणि सांगावं. बाई दारातून हलल्या नाहीत.

"मी काही त्याला मार म्हणत नाही," वहिनींचा आवाज अगदी रोजचा होता, चादरींबद्दल बोलताना असायचा तसा. "एक दिवस. एकच दिवस सुकी ओढ. कुणाला कळणार नाही, तुझी नोकरी जाणार नाही. त्याला कळेल, मला कळेल, बस. मी इथं दारात उभी राहीन. मला एकदा ऐकायचंय."

"नाही, वहिनी."

"माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी दुसरं काहीही सांगा. हे नाही."

वहिनींनी मान हलवली, जशी एखादी वस्तू दुकानात नाही म्हटल्यावर हलवतात, आणि जिना उतरल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारचं जेवण मशीनजवळ उभ्यानं उरकायला सुरुवात केली. बाई दिसल्या की तोंड फिरवायच्या. चादरी मात्र वर यायच्या, स्वच्छ, घडी मोडलेली नसायची. लॉन्ड्रीतल्या बायकांनी बाईंना जिन्यात ऐकवलं, "राक्षसाचे लाड करणारी." बाईंनी ऐकून घेतलं. कुणासमोर बाजू मांडायला त्या गेल्या नाहीत.

पण त्याच आठवड्यात एक दिवस असा आला. वहिनी जिन्यात समोरून आल्या, खांदा चुकवून पुढं गेल्या, आणि बाई तशाच वॉर्डात शिरल्या. इंजेक्शन दिलं. रोज त्या मग दुसऱ्या खाटेकडं वळायच्या. त्या दिवशी वळल्या नाहीत. हात सरळ पट्टीवर गेला. वरचा वेढा सुटला, दुसरा सुटला, आणि खालचा सुका थर बोटांच्या चिमटीत आला. पोलीस पेंगत होता. मामा पाहत होते, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं होतं. आता फक्त मनगटाचा झटका.

त्यानं पाहिलं, वेळ झालेली नाही. इतक्या दिवसांत त्यालाही कळायला लागलं होतं. पण तो थांबा म्हणाला नाही. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि हात थोडा पुढं केला, छडी घ्यायला पोर हात पुढं करतं तसा. जणू हे यायचंच होतं, येऊ दे, म्हणजे तेवढं फिटलं.

ते पाहिलं आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हा काय समजतो? दोन पोरं नि भाऊ, आणि ह्यानं कातडीचा तुकडा देऊन हिशोब हलका करायचा? आणि तो माझ्या हातून? त्यांनी चिमूट सोडली. पट्टी परत सारखी केली. खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, औषध पुरतं भिनेपर्यंत. मग येऊन पाणी सोडलं. पट्टी भिजली, सुटली, त्यांनी उचलली. त्यानं डोळे उघडले तेव्हा नवी पट्टी बांधून होत आली होती.

"मामा, बादली," बाई म्हणाल्या.

मामांनी बादली उचलली. पण संध्याकाळी त्यांनी पोरींना सांगितलं, "मी पाहिलं गं. तिचा हात तिनं कसा मागं घेतला, ते मी पाहिलं. आपल्या बापाच्यानं झालं नसतं." आणि त्या दिवसापासून मामा जे वॉर्डात फिरायला लागले! दुसऱ्या कुणी पट्टीला घाईनं हात घातला, की बाईंच्या आधी यांचाच आवाज, "ओ, अजून भिजलं नाही." पोलिसालाही ऐकवायचे, "तुमच्या ठाण्यात काय चालतं ते तिकडं. हा थांबाबाईंचा वॉर्ड आहे."

त्याच्याच मांडीची कातडी काढून हातांना लावली. ती धरली. दहाही बोटं सुटी राहिली, मिटायला लागली. इतके भाजलेले हात असे वाचत नाहीत, म्हणून मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना घेऊन ते बघायला आले आणि म्हणाले, "हे ऑपरेशनमुळं नाही, हे ड्रेसिंगमुळं." बाईंनी ऐकलं. त्यांना बरं वाटलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. काम चांगलं झालं होतं. कुणाच्या अंगावर झालं, ही गोष्ट निराळी.

तो आपल्या पायांनी चालत पोलिसांच्या गाडीत बसला. कोर्टात त्यानं सगळं कबूल केलं. जन्मठेप झाली. दवाखान्यात ही बातमी आली तेव्हा वहिनी मशीनसमोरच होत्या.

त्यानंतर काही दिवसांनी चादरींचा गठ्ठा घेऊन वहिनी स्वतः वर आल्या. गठ्ठा आणायचं काम त्यांचं नव्हे, ते गडी करतात. या वेळी त्या दारातून आत आल्या. बाई कपाट लावत होत्या. वहिनी शेजारी उभ्या राहून चादरी देऊ लागल्या, बाई ठेवू लागल्या.

"मी मागितलं ते चुकीचं नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

"नव्हतंच."

"आजही मागेन."

"मागा. आजही देणार नाही."

आणखी चार चादरी कपाटात गेल्या. मग वहिनी म्हणाल्या, "मामांना सांगितलं असतं तर त्यांनी उड्या मारत केलं असतं. त्या पोरींतली कुणीही केलं असतं. तिथवर जायला मला मजलाही चढावा लागला नसता. मग मी नेमकी तुझ्याकडंच का आले, हे मी रोज मशीनसमोर उभी राहून स्वतःला विचारते."

"मग?"

"मग काय. राग आहे अजून. जाईल असं वाटत नाही." त्यांनी शेवटची चादर दिली. "पण नर्स कशी असते असं कुणी विचारलं तर मी तुझं नाव सांगते. रागातच सांगते, पण सांगते."

त्या गेल्या. बाईंनी कपाट बंद केलं. त्या दिवशी थांबाबाई वॉर्डात भलत्याच ताठ चालत होत्या, असं मामा सांगतात. मामांचं बोलणं निम्मं कमी करून घ्यायचं असतं. पण निम्मं केलं, तरी बाई ताठच होत्या.