चौथ्या मजल्यावरून दिसलेली म्हैस

आजही कुठं सायलेन्सर काढलेली फटफटी वाजली की ती घटना डोळ्यांपुढं उभी राहते आणि निवृत्त होऊनही माझी छाती फुगते.

बावडा तेव्हा माझ्या हद्दीत होता. बावडा म्हणजे धड गाव नाही, धड शहर नाही. एका अंगाला साखर कारखाना, ऊस आणि दारात म्हशी असलेली घरं. दुसऱ्या अंगाला उसाच्याच रानात प्लॉट पाडून उभ्या राहिलेल्या इमारती. हंगामात मळीचा वास दोन्हीकडं सारखा जायचा, तेवढंच काय ते सामाईक. गावठाणातली माणसं इमारतवाल्यांना ‘पावणं’ म्हणायची. दहा वर्षं राहिले तरी पावणंच. इमारतवाले नाकाला रुमाल लावून गावठाणातनं जायचे. ठाण्यात येणारी निम्मी भांडणं शेणावरून आणि उरलेली पार्किंगवरून असायची.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. संध्याकाळी ठाण्यासमोर हा घोळका! पुढं एक विधवा बाई, सगळा बावडा त्यांना आक्का म्हणायचा. आक्का त्या दिवशी गडहिंग्लजला बहिणीकडं गेल्या होत्या. परतल्या आणि धार काढायला गोठ्यात गेल्या, तर दावण मोकळी. एकच म्हैस, तिच्यावरच घर चालायचं. वर्षापूर्वी वारलेल्या नवऱ्यानं ती रेडकू असल्यापासून वाढवलेली. बाई रडत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. मला ते जास्त लागलं.

घोळक्याला चोर आधीच ठाऊक होता. समोरच्या इमारतीचे चेअरमन! म्हशीविरुद्ध त्यांचे अर्ज ठाण्यात पडून होतेच. आक्कांच्या नवऱ्याचा एक जिवाभावाचा दोस्त सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता, की पावण्यांनीच म्हस गायब केली, आत्ताच्या आत्ता इमारतीवर जायचं. पोरं काठ्या शोधायला लागली होती. मी आवाज चढवला, फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला आणि इमारतीच्या गेटवर दोन शिपाई उभे केले.

जबाब देताना आक्का एवढंच बोलल्या, “सायब, माझी म्हस परक्याच्या हातानं एक पाऊल टाकत न्हाय. तिला कुणी वढून न्हेली न्हाय. ती कुणाच्या तरी मागनं गेलीया.”

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, अंगावरचे केस कातरून नक्षी काढायची, मालक फटफटीवर पुढं आणि म्हैस त्या आवाजामागं सुसाट. दोरी नाही, काठी नाही. आक्कांची म्हैस नवऱ्याच्या जुन्या फटफटीमागं पळायची. यंदा नवरा नाही, म्हणून पाडव्याला त्याच गाडीवर बसून दोस्तानं तिला पळवली होती.

गावठाणात चौकशी केली. कुणी काही पाहिलं नव्हतं. फटफटीचा आवाज आला होता का, असं विचारलं तर म्हणाले, तो काय रोजचाच हाय की. मग चेअरमनना बोलावलं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, रागानं लाल.

“साहेब, मी म्हैस चोरून ठेवू कुठं? चौथ्या मजल्यावर?” ते कडाडले. “दिवाळी संपली तरी यांचं चालूच. आज भर दुपारी आमच्या मागच्या रस्त्यानं एक जण म्हैस पळवत नदीकडं गेला. डोक्याला टॉवेल, सायलेन्सर उघडा. मी बाल्कनीतून ओरडलो, तर वर बघितलंसुद्धा नाही!”

मी खुर्चीतून उठलोच. ज्यांच्या कानाला तो आवाज सवयीचा होता, त्यांनी मानसुद्धा वळवली नव्हती. ज्याला तो नको होता, त्यानं सगळं पाहिलं होतं. ज्याला चोर ठरवून मारायला निघाले होते, तोच माझा एकुलता एक साक्षीदार!

आक्कांना विचारलं, गाडी कुठं होती? तर त्या गडहिंग्लजला निघायच्या आधीच, सकाळी दोस्त क्लचची वायर बदलून आणतो म्हणून घेऊन गेला होता. त्याला आत घेतलं. म्हशीचा विषयच काढला नाही. चहा दिला आणि वायर कुठल्या गॅरेजात बदलली, तेवढं विचारलं. त्यानं नाव सांगितलं. हवालदार जाऊन आला. तिथं गाडी गेलीच नव्हती. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, “चुकलं, सायब.” नदीपलीकडच्या एका व्यापाऱ्याचा या म्हशीवर डोळा होता. आक्का विकत नव्हत्या, म्हणून यानं परस्पर देऊन टाकली होती.

पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांना घेऊन आम्ही त्या व्यापाऱ्याच्या गोठ्यावर गेलो. चेअरमन हट्टानं जीपमध्ये बसले होते. व्यापारी तयारीचा निघाला. म्हशीचं सगळं अंग भादरलेलं, शिंगांचा रंग खरवडलेला, कानातला बिल्ला काढलेला. आक्कांना ती ओळखू आली, पण ‘ही माझीच’ असं तोही छातीठोक सांगायला लागला. मी गावातले दोन पंच उभे केले आणि सगळ्या म्हशी मोकळ्या सोडायला लावल्या.

फटफटी आम्ही टेम्पोतून आणली होती. शिपाई चालू करायला पुढं झाला. आक्का म्हणाल्या, “व्हा बाजूला.” पदर खोचला, किक मारली. एकदा, दोनदा, आणि गाडी फाटफाट वाजायला लागली.

बाकी म्हशी वैरणीत तोंड घालून खुशाल चरत राहिल्या. एकीनं मान वर केली. शेपूट उभी करून, आडव्या आलेल्या व्यापाऱ्याला शेणात लोळवून ती थेट आक्कांच्या मागच्या चाकाशी येऊन थांबली. मग आक्का रडल्या. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारालाही डोळे पुसावे लागले. व्यापाऱ्यानं शेणातूनच हात जोडले.

रीतसर सुपूर्दनामा झाल्यावर आक्कांनी म्हैस टेम्पोत चढवू दिली नाही. पुढं फटफटीवर आक्का, मागं म्हैस, तिच्या मागं आमची जीप. बावड्यात शिरलो तेव्हा गावठाण रस्त्यावर आणि इमारत बाल्कन्यांत! काठ्या शोधणारी पोरं चेअरमनच्या पायाशी वाकली. आक्कांनी आधी चेअरमनना ओवाळलं, मग म्हशीला.

नोकरीत मी खून उघडकीला आणले, दरोडे आणले. पण खबऱ्या कोण असू शकतो, हे मला या म्हशीनं शिकवलं. तेव्हापासून तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला मी कधी कटकट्या म्हटलं नाही. वैतागलेला माणूस डोळे उघडे ठेवून असतो.

निवृत्तीनंतर मी त्याच इमारतीत फ्लॅट घेतला. दर पाडव्याला सकाळी चेअरमन माझी बेल दाबतात. कपाळावर आठ्या, कानात कापूस आणि हातात झेंडूचा हार.

“चला साहेब,” ते म्हणतात, “आपली म्हैस निघायची वेळ झाली.”