भात्याच्या बाजूने

दौंडच्या फलाटावर आप्पांनी माझी बॅग उचलली, तेव्हा पुढे आलेला हमाल गप मागे सरकला. एका हाताच्या माणसाशी ओढाताण करायची कशी, हे त्याला कळलं नसावं. आप्पांचा डावा हात मनगटापासून नव्हता. मी नऊ वर्षांची असताना कडबाकुट्टीच्या मशीनने तो नेला. गाडीला अजून वीस मिनिटं होती. सासूबाई पिशवीत दशम्या कोंबत होत्या, नवरा तिकिटं आणि पासपोर्ट तिसऱ्यांदा तपासत होता. मी आपली आठवडाभर धरून ठेवलेला एकच प्रश्न घेऊन आप्पांसमोर उभी राहिले.

"आप्पा, आता भाता कोण मारणार?"

"हायेत की मंडळात धा जण," आप्पा म्हणाले. "तू जा निर्धास्त."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत रुळांकडे बघत होती. मला वाटलं, तिला एवढ्या मोठ्या इंजिनाची भीती वाटतेय. मी निर्धास्त झाले आणि गेले. स्वीडनला.

हा भात्याचा प्रश्न काय होता, ते सांगते. आप्पा न्हावऱ्याच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. पेटी एका हाताने वाजवतात आणि दुसऱ्या हाताने मागचा भाता हलवून तिला हवा देतात. आप्पांचा पट्ट्यांवरचा हात शाबूत राहिला, भात्याचा गेला. दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात त्यांनी मला पेटीच्या पलीकडे, त्यांच्यासमोर बसवलं आणि म्हणाले, "मंगे, हवा तू दे, सूर मी बघतो." झालं. तेव्हापासून दर गुरुवारी देवळात आप्पा पेटीच्या त्या बाजूला आणि मी ह्या बाजूला. त्यांनी श्वास घेतला की मी भाता दाबायची, ओळ संपत आली की सैल सोडायची. हे कुणी शिकवलं नाही. दोन ओळींच्या मधल्या जागेत आप्पा स्वतःचं काहीतरी भरायचे, दर वेळी वेगळं. तेव्हा मात्र मला त्यांच्या तोंडाकडे बघत बसावं लागायचं, कारण गडी कुठे वळेल याचा नेम नसे.

लग्न झालं, आम्ही शिक्रापूरला खोली घेतली, तरी हे सुटलं नाही. नवऱ्याच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारची आणि भजनही गुरुवारचं. त्याने बिचाऱ्याने दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी मला गाडीवर घालून न्हावऱ्याला नेलं. पुढे त्याला कंपनीने गोथेनबर्गला पाठवायचं ठरवलं, तेव्हा सगळं घर आनंदात आणि मी तोंड पाडून. "भाता कोण मारणार हे आधी ठरू दे, मग येते," असं मी त्याला सरळ सांगितलं होतं. त्याला ती थट्टा वाटली. मला ती थट्टा नव्हती. मंडळात धा जण नसते तर मी गाडीत पाय ठेवला नसता.

तुमच्यातले जे गेले, त्यांना पहिला हिवाळा काय असतो हे सांगायला नको. दुपारी साडेतीनला अंधार पडल्यावर मी घाबरून नवऱ्याला फोन लावला होता. रस्त्यावर इतकी शांतता की आपलंच जॅकेट खसखसताना ऐकू येई. मग भाषेचे वर्ग झाले, दोन मुलं झाली, आणि एका वृद्धाश्रमात मला नोकरी लागली. वृद्धाश्रम म्हटल्यावर फोनवर आप्पा हादरलेच. "म्हंजी त्यांना पोरंबाळं न्हाईत व्हय?" मी म्हटलं, आहेत की, रविवारी येतात. आई मागून एवढंच म्हणाली, "दुसऱ्यांची म्हातारी मानसं सांभाळतीस. चांगलं हाय." तिने ते टोचून म्हटलं नव्हतं, तरी ते आजपर्यंत टोचतंय.

त्या वृद्धाश्रमाच्या जेवणाच्या हॉलमध्ये एक पियानो आहे. आणि एक बेंग्ट आहेत, वय वर्षं चौऱ्याऐंशी, तरुणपणी नाचाच्या हॉलमध्ये जॅझ वाजवून पोट भरलेले. तिकडे म्हाताऱ्यांनाही नुसत्या नावाने हाक मारतात. मला पहिली दोन वर्षं ते जमलं नाही, मी खोकून लक्ष वेधायची. चारेक वर्षांपूर्वी मी टेबलं पुसता पुसता पियानोच्या पट्ट्यांवरून फडकं फिरवलं आणि न राहवून एका बोटाने आप्पांच्या भजनाची पहिली ओळ वाजवायला गेले.

जे बाहेर आलं ते ऐकून माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. ते भजन नव्हतंच. मी आयुष्यात न ऐकलेलं काहीतरी होतं. चढायच्या जागी उतरत होतं, उतरायच्या जागी चढत होतं. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच! गाणं माझ्या बोटांना पाठ होतं आणि कानांना परकं. दोन दिवसांनी, भाज्या चिरताना, डोक्यात प्रकाश पडला. मी पेटी जन्मभर भात्याच्या बाजूने बघितली होती. काळ्या पट्ट्या माझ्याकडे, पांढऱ्या आप्पांकडे. त्यांचा उजवीकडचा वरचा सूर माझ्या डावीकडे. आप्पा गोठ्यात गेले की मी चोरून वाजवायची, पण तेही पलीकडूनच, एका हाताने भाता मारत. त्यांच्या जागेवर बसायचं कधी मनातही आलं नाही. ती जागा त्यांची होती. आता बेचाळिसाव्या वर्षी सरळ बाजूला बसले, तर सगळं संगीतच उलटं.

बेंग्टना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. मला राग आला. मग त्यांनी खुर्ची ओढली, म्हणाले, वाजव ते उलटं. मी वाजवलं, आणि त्यांनी खालच्या बाजूला चार-चार पट्ट्या एकदम दाबून त्याला असा काही टेका दिला की मी हात उचलून बघत राहिले. चार सूर एकदम! आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर पोरगं पेटीवर बसलंय असं म्हणून उठवलं असतं. "तुझ्याकडे एक गाणं आहे जे जगात कुणाकडे नाही," ते म्हणाले, "आणि तू ते चूक म्हणून पुसून टाकतेस?"

अशी माझी शिकवणी सुरू झाली. आठवड्यातून दोनदा, ड्युटी संपल्यावर. माझा डावा हात मठ्ठ. त्या पियानोची मधली एक पट्टी मुकी आहे, दाबली तर नुसता लाकडाचा ठोका. मी तिथे दर वेळी अडखळायची, दुरुस्त करून घ्या म्हणायची. बेंग्ट म्हणायचे, ती नाही तर तिची शेजारीण आहे, तिच्याकडे जा. ठरलेली चाल एकदा वाजवायची आणि मग मधल्या जागेत आपलं काहीतरी भरायचं, त्याला ते जॅझ म्हणत. ते समजलं त्या दिवशी मला आप्पांचं तोंड आठवलं, ओळ संपताना कुठे वळणार हे न सांगणारं. मी बेंग्टना म्हटलं, हे मला माहीत आहे, मी ह्याला पंधरा-सोळा वर्षं हवा दिलीय.

फोनवर मी आप्पांना यातलं काही सांगितलं नाही. समोर बसवून ऐकवायचं होतं. मी फक्त नेहमीचं विचारायची, "पेटी कशी हाय आप्पा?" आणि ते म्हणायचे, "झकास हाय." खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, पाण्याच्या मोटरचा स्टार्टर, सगळ्यांची पूजा मांडलेला फोटो येई. मधोमध पेटी, हळदीकुंकू लावलेली, झेंडूची माळ घातलेली. तो फोटो मी बेंग्टनाही दाखवला होता.

आमच्या फेऱ्या व्हायच्या, बावीस वर्षांत सहा. पण सासर दौंडला, मुलं लहान, न्हावऱ्याला जेमतेम दोन दिवस. वाजवा म्हटलं की आप्पा म्हणायचे, "कांदा काढायचाय, निवांत बसू." मीही घड्याळ बघत म्हणायची, बरं. गुरुवार कधी धरलाच नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

यंदाच्या फेब्रुवारीत मी एकटी गेले आणि मुद्दाम गुरुवार धरला. आप्पांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे देवळात. ते "पाय दुखत्यात" म्हणून खाटेवरच बसले. मी एकटीच गेले. भजन रंगात होतं. पेटीच्या जागी एक इलेक्ट्रिकचा कीबोर्ड, त्यावर माझ्या ओळखीचा नाही असा एक माणूस. तबल्यावर मात्र रशीदमामा, आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "मामा, आप्पा कुठल्या वारी बसत्यात पेटीला?"

रशीदमामांनी तबल्यावरचे हात उचलले. "म्हंजी? तुला ठावंच न्हाई?" ते म्हणाले. "आगं पोरी, तू गेल्यापास्नं आप्पा पेटीवर बसलंच न्हाईत."

बावीस वर्षं! पुढचं भजन सुरू झालं, लोक टाळ्या वाजवत होते आणि मी तिथे मठ्ठासारखी उभी. मंडळातले धा जण एकेक करून माझ्या डोळ्यांसमोर आले. त्यांतला एकही भात्यावर बसला नव्हता.

घरी आले ती चपला न काढताच आत गेले. "आप्पा, खोटं का बोललात?"

बोलली ती आई. "दोघं-तिघं बसवून बघितले की. ह्यांचा श्वास एक आन् त्यांचा भाता भलतीकडं. म्या बी बसले एकदा. तर म्हनले, भाकरी थापल्यावानी हानतीस." आणि मग हळू आवाजात, "तुला कळलं असतं तर तू गेली असतीस व्हय?"

मी नसते गेले. तिला ते माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि माझी गोथेनबर्गची बावीस वर्षं, मुलं, बेंग्ट, जॅझ, सगळं एका थापेवर उभं होतं. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की दोन्हींपैकी काहीच नीट जमलं नाही. नंतर उमगलं, फोनवर आप्पांनी कधी "वाजवतो" असं म्हटलंच नव्हतं. पेटी झकास होती, एवढंच ते सांगत होते.

तीही झकास नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून गोधडीत गुंडाळलेली पेटी काढली. पुढून चकचकीत, दर दसऱ्याला पुसलेली. मागे भात्याच्या घड्या उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलेल्या. फोटोत नेहमी पुढची बाजू यायची. खराब झाली होती ती माझी बाजू. मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापले, पंक्चरचं सोल्यूशन लावलं आणि भात्याला ठिगळं मारली. आप्पा खाटेवरून बघत होते. "आता काय उपेग," म्हणाले, आणि उठून आले.

मी त्यांना म्हटलं, मी आता सरळ बाजूने शिकलेय, तुम्ही ऐका. त्यांनी जागा करून दिली. पण त्यांच्या जागेवर मला बसवेना. मी वळसा घालून पलीकडे गेले आणि भात्यावर हात ठेवला. आप्पांनी श्वास घेतला. माझा हात आपोआप दाबला गेला, बावीस वर्षं मधे गेलीच नाहीत असा. सात-आठ पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. पहिल्याच ओळीत आप्पांचं बोट मुक्या पट्टीवर पडलं आणि ते थांबले, चेहरा एवढासा झाला. मी डाव्या हाताने भाता चालू ठेवला आणि उजव्याने माझ्या बाजूने, तिची शेजारीण वाजवली. मग तिच्याही शेजारची.

"आगं हे काय वाजवतीस?" आप्पा दचकले.

"वाजवा तुम्ही, मी मधलं भरते."

त्यांनी पुन्हा धरलं. एकाच पेटीवर समोरासमोरून दोघांची बोटं, मधेच एकमेकांवर आपटणारी. बेसूर होतं ते, खोटं कशाला सांगू. आई दारात भाकरीच्या पिठाचे हात घेऊन उभी राहिली आणि बराच वेळ आत गेली नाही. आप्पा हसत होते की रडत होते, मला कळलं नाही.

इकडे मला विचारतात, घर कुठलं, तिकडेही विचारतात. बावीस वर्षं मी काहीतरी उत्तर देत आले. आता एवढंच माहीत आहे की न्हावऱ्याच्या घरात, पेटीच्या काळ्या पट्ट्यांच्या बाजूला, मांडी घालून बसण्याएवढी जागा आहे आणि ती माझ्यामागे कुणाला दिली गेलेली नाही. मी सोडून गेलेलं घर तिथे होतं. आपण सोडून आलेल्या घरात आपल्यावाचून काय बंद पडलंय, हे तुम्ही गेलेल्यांनी एकदा नीट विचारा. आणि तुम्ही राहिलेल्यांनी खरं सांगा.

परतताना दौंडच्या फलाटावर आप्पांनी पुन्हा बॅग उचलायचा हट्ट केला. मी उचलू दिली. गाडी लागली, तेव्हा मी विचारलं, "आप्पा, आता भाता कोण मारणार?"

आई ह्या वेळी रुळांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"कुणी न्हाई," आप्पा म्हणाले. "तू येस्तवर बंद."

मी गाडीत चढले. खोटं सांगितलं असतं तर चढणं सोपं गेलं असतं.